मनधरणीची नोंद

माहुलीच्या सुळक्यांखाली पसरलेल्या शहापूर तालुक्यात जमिनीविषयी लिहून ठेवलेले नाही असे फार थोडे उरले आहे. भाताचे खाचर कोणाचे, वरकस कोणाचे, बांधावरचा आंबा सामाईक की एकट्याचा, विहिरीच्या पाण्यात धाकट्या भावाचा हिस्सा किती, कुळाचे नाव केव्हा लागले आणि मयत खातेदाराच्या मागे वारस किती, या साऱ्याची नोंद सातबाऱ्यात, आठ-अच्या उताऱ्यात आणि फेरफाराच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. परंतु ज्या संभाषणांच्या अखेरीस हीच जमीन धन्याच्या हातून सुटते, ओटीवर बसून, चहाचे कप रिकामे होईपर्यंत आणि पुन्हा भरेपर्यंत चालणाऱ्या त्या संभाषणांची एक ओळही कोणत्या दप्तरात सापडत नाही. समृद्धी महामार्गासाठी या तालुक्यात भूमिसंपादन चालू असताना अशा काही बैठकांना बसण्याचा योग मला आला. तेथे जे पाहिले त्याचे वर्णन करावे, आणि त्यावरून मनात घर करून राहिलेले एक मत स्पष्टपणे मांडावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

नागपूरपासून भिवंडी तालुक्यातील आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर जाणारा आणि १० जिल्हे ओलांडणारा हा मार्ग २०१५ साली घोषित झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. कसाऱ्याच्या डोंगरातून जवळजवळ ८ किलोमीटरांच्या बोगद्याने उतरून हा रस्ता वाशाळा, बिरवाडी, खुटघर या बाजूंनी शहापूर तालुका ओलांडतो. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील भूमिसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक केले आहे. मुंबईची तहान भागविणाऱ्या तानसा आणि भातसा या जलाशयांच्या पाण्याखाली याच परिसराच्या जमिनी गेल्या, आणि त्या पाण्याच्या काठावरील पाडे मात्र चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत बसतात. सार्वजनिक कामासाठी जमीन देणे म्हणजे काय, याची स्मृती येथे ताजी असल्यामुळे, रस्त्याच्या आखणीचे दगड रोवले जाण्यापूर्वीच लोकांच्या मनात संशय उभा होता.

आरंभी शासनाने आंध्रातील अमरावतीच्या धर्तीवर भूसंचयनाची योजना मांडली होती: शेतकऱ्याने जमीन द्यावी आणि त्या बदल्यात विकसित भूखंड व काही वर्षे वार्षिक रक्कम घ्यावी. तिला शहापुरात आणि इतरत्रही तीव्र विरोध झाला, आणि मग वाटाघाटीने थेट खरेदीचा मार्ग पुढे आला. या दोन्ही काळांत गावोगाव फिरून खातेदारांशी बोलण्यासाठी रस्ते विकास महामंडळाने जी माणसे नेमली त्यांना संवादक असे नाव होते. ही बहुधा शिकलेली, तरुण, त्याच परिसराची बोली बोलणारी माणसे. वर्तमानपत्रांत जनसंपर्क या नावाने जे काम आपण ऐकतो, ते महानगरातील वातानुकूलित दालनांत नव्हे, तर शेणाने सारवलेल्या ओटीवर कसे चालते, हे त्यांच्यामागून हिंडताना दिसले.

या कामाची पहिली पायरी बोलण्याची नव्हे, वाचण्याची असते. गट क्रमांकांची यादी, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि सातबाऱ्याचे उतारे घेऊन संवादक प्रथम घराण्यांची वंशावळ मनात बसवितो. कारण उताऱ्यावर मयत आजोबांचे नाव तसेच राहिलेले असते, त्यांच्या चार मुलांपैकी एक कल्याणला, दुसरा अंबरनाथच्या कारखान्यात, आणि लेकी मुरबाडकडे धसईला किंवा टोकावड्याला दिलेल्या असतात. कायद्याने त्या सर्वांच्या सह्या लागतात. म्हणून वारसनोंदीचा अर्ज लिहून देणे, तलाठ्याच्या कचेरीत सोबत जाणे, मुरबाडच्या बहिणींकडे हक्कसोडपत्राविषयी चौकशी करणे, अशी कामे तो आपणहून अंगावर घेतो. वर्षानुवर्षे रेंगाळलेली वारसांची नोंद या निमित्ताने मार्गी लागते, आणि ज्याने ती मार्गी लावली त्याचे बोलणे ऐकून घेणे घरच्यांना सौजन्याचे वाटते. ही सेवा खोटी नसते. पण तिच्यातून उत्पन्न होणारे ऋण हेच पुढील संभाषणाचे भांडवल ठरते.

दुसरी पायरी ओळखीची. पहिल्या भेटीत कागद बाहेर काढावयाचा नाही, हा अलिखित नियम. राब भाजून झाला का, पेरणीला बियाणे कोठले आणले, मुलाच्या परीक्षेचे काय झाले, अशी चौकशी होते. गावात कोणाच्या शब्दाला वजन आहे हेही याच वेळी हेरले जाते: सरपंच किंवा पोलीस पाटील हे तर उघडच, परंतु पुष्कळदा निवृत्त गुरुजी, भजनी मंडळाचा म्होरक्या, किंवा सर्वांत आधी पक्के घर बांधणारा खातेदार यांच्या मताकडे आळीचे लक्ष असते. त्यांच्यापैकी एकाने संमती दिली की शेजाऱ्याचा विरोध तत्त्वाचा न राहता एकटेपणाचा होतो. अमेरिकेत एडवर्ड बर्नेज यांनी १९२८ साली ‘प्रॉपगंडा’ या आपल्या ग्रंथात, जनसमुदायाचे मत त्याच्या अग्रणींच्या द्वारे वळविता येते, असे प्रतिपादन केले होते. तो ग्रंथ न वाचताही हा न्याय आमच्या गावकीत प्रत्येकाला ठाऊक आहे. नवे एवढेच की, आता तो एक पगारी व्यवसाय झाला आहे.

तिसरी पायरी गणिताची. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ग्रामीण भागातील जमिनीच्या बाजारमूल्यास दोनाने गुणावयाचे, त्यावर तितकीच दिलासा रक्कम मिळवावयाची, म्हणजे चौपट होते. आणि खातेदाराने राजीखुशीने थेट खरेदीखत करून दिले तर या मोबदल्यावर आणखी २५ टक्के, म्हणजे एकूण पाचपट. झाडे, विहीर, घर यांचे मूल्यांकन निराळे. हा हिशेब संवादक वहीच्या कोऱ्या पानावर मोठ्या आकड्यांनी मांडतो आणि ते पान तेथेच ठेवून जातो. भाताच्या एका पिकावर आणि पावसाळ्यानंतरच्या मजुरीवर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाने एवढा आकडा आयुष्यात पाहिलेला नसतो. तो रात्रभर घरात राहतो आणि सकाळपर्यंत घरातील पिढ्यांमध्ये मतभेद सुरू झालेले असतात. चौथ्या पायरीवर त्याच गणिताची दुसरी बाजू पुढे येते: संमती न दिल्यास जमीन सक्तीने संपादित होईल आणि वरचे २५ टक्के मिळणार नाहीत. लाभाच्या आशेपेक्षा हानीचे भय माणसाला लवकर हलविते, हे या कामातील प्रत्येक अनुभवी माणूस जाणतो.

अशा बैठकीत एक क्षण हमखास येतो, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या प्रक्रियेचे मर्म त्यातच आहे. गुरांना पलीकडच्या रानात जाण्यासाठी वाट राहील का, भरावामुळे खालच्या खाचरात पाणी तुंबेल का, उरलेल्या तुकड्यापर्यंत बैल नेता येतील का, असे प्रश्न विचारले जातात, संवादक आपल्या समजुतीप्रमाणे धीर देणारी उत्तरे देतो, आणि मग ओटीच्या कोपऱ्यातून, बहुधा घरातील वृद्ध स्त्री म्हणते, “पोरा, तू बोलतोस ते खरंच असेल. पण एवढं लिहून दे.” तरुण खाली पाहतो. लिहून देण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अधिकाऱ्यांचा असतो आणि अधिकारी या ओटीवर आलेले नसतात. “आजी, तुमचं म्हणणं मी साहेबांपर्यंत पोहोचवतो,” असे तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि पुष्कळदा पोहोचवितोही. परंतु संमतीपत्रावर ज्या आजीचा अंगठा उमटेल, तिच्यापाशी त्या आश्वासनाचा चिटोराही उरत नाही.

येथे संवादकाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. तो आपल्याच मुलखातला, नोकरीची गरज असलेला मुलगा असतो. एकीकडून वरिष्ठांचा तगादा आणि दुसरीकडून गावकऱ्यांचा रोष, या दोहोंमध्ये तो उभा असतो. मिळालेल्या मोबदल्यातून कुटुंबे सावरल्याची उदाहरणेही आहेत. त्याचप्रमाणे मन वळविणारा तो एकटा नसतो. विरोध संघटित करणारे कार्यकर्ते येतात, पक्षांचे पुढारी येतात, जमिनीचे दलाल तर सर्वांच्या आधी येऊन गेलेले असतात. या सर्वांना बोलण्याचा हक्क आहे. लोकशाहीत मन वळविणे हा गुन्हा नव्हे, ते तिचे नित्यकर्म आहे. प्रश्न एवढाच की, जेथे जमीनधारकाचे सारे अस्तित्व कागदावर उघडे पडलेले असते, तेथे त्याचे मन वळविणाराच तेवढा कागदाबाहेर का राहावा?

ही विषमता ओटीवर सुरू होत नाही. तिचे मूळ फार वर आहे. लंडन फर्स्टच्या धर्तीवर उद्योजकांनी स्थापलेल्या बॉम्बे फर्स्ट या संस्थेने मॅकिन्झी या सल्लागार कंपनीसह २००३ साली ‘व्हिजन मुंबई’ हा अहवाल तयार केला, आणि त्याच्या पाठोपाठ राज्य शासनाने कृतिदल नेमले. विचारगटांच्या कार्याची रीतच अशी आहे: प्रथम अभ्यास, मग अहवाल, मग समिती, मग धोरण. एन्रॉनच्या वतीने तर १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे असे सांगण्यात आले होते की, गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाच्या कामी समजावणी व प्रकल्पविकास यांवरच कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. हा खर्च आपल्याला कळला तो परदेशी सभागृहातील साक्षीमुळे. वॉलमार्टने अमेरिकेतील कायद्यानुसार दाखल केलेल्या विवरणपत्रांत भारतीय बाजारपेठेतील प्रवेशाच्या विषयाचा उल्लेख निघाला, तेव्हा २०१२ च्या अखेरीस आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमावी लागली. अमेरिकेत अशा मनधरणीची नोंद करण्याविषयी १९९५ चा कायदा आहे. आपल्याकडे २०१३ साली लोकसभेत तशा आशयाचे खाजगी विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही.

दोन स्तरांवरील या कामात एक मूलभूत अंतर आहे. वरच्या दालनात चर्चा होते ती काय करावे, कोठे करावे आणि करावे की नाही, याची. खाली ओटीवर येईपर्यंत हे सर्व प्रश्न मिटलेले असतात आणि केवळ किती, एवढाच प्रश्न उरतो. खातेदाराला विचारले जाते ते दराविषयी. त्याच्या संमतीला म्हणूनच निर्णयाचे पूर्ण मूल्य येत नाही.

याला अपवाद घडले आहेत, आणि ते आपल्या शेजारचेच आहेत. रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेने शेतकऱ्यांचे प्रत्यक्ष मत नोंदवून घेतले. तेथे प्रश्न किती हा नव्हता, हवे की नको हा होता. इकडे मुरबाड तालुक्यात काळू नदीवरील धरणाचे काम वनसंरक्षण कायद्याखालील परवानगी नसताना सुरू झाले, तेव्हा बाधित गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, आणि श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली कामास स्थगिती दिली. त्या धरणाची चर्चा अद्याप थांबलेली नाही. पण ग्रामसभेच्या वहीत शब्द उतरले म्हणजे त्यांना न्यायासनापुढे उभे राहता येते, हे मुरबाडने दाखवून दिले.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही, आणि त्यासाठी नवे खाते उघडण्याचीही आवश्यकता नाही. कोणत्याही प्रकल्पासाठी, मग तो शासनाचा असो वा कंपनीचा, गावात बोलावयास येणाऱ्या प्रत्येकाने प्रथम ग्रामपंचायतीच्या दप्तरात आपली नोंद करावी: तो कोण, कोणाच्या वतीने आला, त्याचा खर्च कोण करतो. बैठकीत दिलेली आश्वासने मराठीत लिहून, वाचून दाखवून, त्यांची सही-शिक्क्याची नक्कल खातेदाराला द्यावी, आणि खरेदीखताला ती परिशिष्ट म्हणून जोडावी, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमिनीबरोबर शब्दही नोंदले जातील. हाच नियम मंत्रालयात आणि दिल्लीत धोरणांविषयी भेटी घेणाऱ्या संस्थांना आणि सल्लागारांना लागू करावा, आणि ती नोंदवही सामान्य नागरिकास पाहावयास मिळावी. असे झाल्याने प्रामाणिक संवादकाचे काही बिघडणार नाही. उलट ओटीवर त्याला खाली पाहावे लागणार नाही. आणि ज्याला आपले म्हणणे लिहून देण्याची तयारी नाही, त्याच्या म्हणण्यावर विसंबून कोणी आपल्या पूर्वजांची जमीन का द्यावी, हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार शहापूरच्या त्या वृद्धेला राहील.