घराचं इंटिरिअर करायचंय, पण डिझायनर लावायचा की थेट सुताराला बोलवायचं?

फ्लॅटची चावी हातात आली की पहिले आठ दिवस पेढे वाटण्यात जातात. नवव्या दिवशी कोणीतरी हॉलच्या मधोमध उभं राहून विचारतं, "टीव्ही कुठल्या भिंतीला?" आणि तिथून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, इंटिरिअर डिझायनर बघू, सगळं एकहाती होईल. दुसरा म्हणतो, कशाला उगाच पैसे घालवायचे? मामाच्या ओळखीचा सुतार आहे, मोबाईलवर फोटो दाखवला की हुबेहूब करून देतो.

दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. घोळ होतो तो हा वाद 'घर दिसेल कसं' यावरून घातला जातो म्हणून. डिझायनर लागेल की नाही हे दिसण्यावर फार कमी ठरतं. घरात नेमकं काय हलवायचंय आणि काम चालू असताना साइटवर उभं राहायला कोण मोकळं आहे, या दोन गोष्टींवर ते ठरतं.

आता आधी हे बघू, की डिझायनर म्हणजे नक्की कोण?

'आर्किटेक्ट' हा शब्द भारतात कोणालाही आपल्या नावापुढे लावता येत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार त्यासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असावी लागते. इंटिरिअर डिझायनरसाठी मात्र अशी सक्तीची नोंदणी नाही. चार वर्षांची पदवी घेतलेली व्यक्ती, काही महिन्यांचा कोर्स केलेली व्यक्ती आणि काल नवीन व्हिजिटिंग कार्ड छापून आणलेला फर्निचर ठेकेदार, तिघंही स्वतःला इंटिरिअर डिझायनर म्हणवू शकतात. या व्यवसायाची संस्था आहे, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे.

त्यामुळे पाटी बघून काही कळत नाही. नव्याकोऱ्या घराचे फोटो बघूनही नाही, कारण पहिल्या दिवशी सगळंच चकाचक असतं. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं घर दाखवायला सांगा. तिथे ड्रॉवर ओढून बघा, सिंकखालचं कपाट उघडून प्लाय फुगलाय का बघा, आणि त्या घरच्यांना विचारा की काम सांगितलेल्या तारखेला संपलं होतं का.

आता पैशाचं. फी साधारण तीन प्रकारे घेतात: कामाच्या एकूण खर्चाच्या टक्केवारीने, चौरस फुटाच्या दराने, किंवा एक ठरावीक रक्कम. चौथा प्रकार टर्नकी, म्हणजे डिझाईन, माल, मजुरी सगळं त्यांचंच. यात फी वेगळी दिसत नाही, ती दरातच मुरलेली असते.

समजा काम ८ लाखांचं आहे आणि फी १० टक्के, म्हणजे ८० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ९४,४०० रुपये. आकडा टोचतो. पण याच घरातलं कुटुंब सध्या २२ हजार भाड्याच्या घरात राहत असेल आणि कर्जाचा हप्ताही सुरू झाला असेल, तर सुताराची, प्लंबरची आणि टाइल्सवाल्याची गाठ न पडल्यामुळे काम तीन महिने लांबलं, की ६६ हजार भाड्यातच गेले. शिवाय चुकून दोनदा केलेली कामं वेगळीच. बेड बसवला आणि स्विचबोर्ड त्याच्या मागे गेला, फ्रिज आला आणि कोनाडा दोन इंचांनी कमी पडला, असे किस्से प्रत्येक सोसायटीत सापडतात. डिझायनरला पैसे द्यायचे ते मुख्यतः हे टाळण्यासाठी, कुशनचा रंग निवडण्यासाठी नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. दोन कपाटं, एक बेड, किचनच्या ट्रॉल्या आणि रंग एवढंच काम असेल, भिंत-नळ-वायरिंग काहीच हलणार नसेल आणि घरातलं कोणीतरी रोज तासभर साइटवर जाऊ शकत असेल, तर चांगला सुतार पुरतो. अशा कामाला पूर्णवेळ डिझायनर लावणं म्हणजे खरोखरच उधळपट्टी.

पण भिंत हलणार असेल तर विषय वेगळा होतो.

हॉल आणि किचनमधली भिंत काढून ओपन किचन करायचं, ही सध्याची लाडकी मागणी. सुतार म्हणतो, 'काही नाही हो, एका दिवसात पाडून देतो.' २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली. १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणात इमारतीच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला आणि गुन्हाही दाखल झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचा त्या कामाशी काहीही संबंध नव्हता.

नवीन टॉवरमध्ये तर आणखी एक मेख आहे. पुण्या-ठाण्यातल्या अनेक इमारती मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून बांधल्या जातात. तिथे आतल्या बऱ्याच भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचं वजन त्याच पेलतात. अशी भिंत पाडणं सोडाच, वायरसाठी खोल खाचा मारणंही धोक्याचं. विटांच्या घरांची सवय असलेल्या मिस्त्रीला हे बाहेरून कळेलच असं नाही.

इथे लोकांची एक चूक होते. डिझायनर 'हो' म्हणाला म्हणजे भिंत पाडायला हरकत नाही, असं ते समजतात. भिंत भार पेलते की नाही हे सांगायचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे, डिझायनरचं नाही. सोसायटीची लेखी परवानगीही आधी लागते. चांगला डिझायनर स्वतःहून इंजिनिअरचं पत्र मागतो. जो मागत नाही, त्याला कामच देऊ नये.

बाथरूमचंही तसंच. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. पण ताबा घेतल्या घेतल्या बाथरूमची फरशी उखडली, खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं आणि खालच्या घरात गळती सुरू झाली, तर बिल्डर सरळ बोट तुमच्याकडे दाखवणार. आवडली नाही म्हणून फरशी बदलण्याआधी हा हिशोब करावा.

आता कोटेशन. फसवणुकीपेक्षा गैरसमज इथे जास्त होतात. ७ फूट उंच आणि ६ फूट रुंद कपाट म्हणजे समोरून ४२ चौरस फूट. एकजण १४०० रुपये दर सांगतो, म्हणजे ५८,८०० रुपये. दुसरा ११०० सांगतो, म्हणजे ४६,२००. दुसरा स्वस्त वाटतो. मग काम सुरू झाल्यावर कळतं की वरचा लॉफ्ट वेगळा, ड्रॉवरचे वेगळे, आतून लॅमिनेट हवं तर तेही वेगळं, आणि प्लाय कुठला ते लिहिलेलंच नाही.

प्लायमध्ये दोन नंबर लक्षात ठेवले तरी पुष्कळ. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा आणि आयएस ७१० हा मरीन प्लायचा. सिंकखाली ७१० घ्यावा, बेडरूमच्या कपाटाला ३०३ चालतो. सगळ्या घराला मरीन प्लाय लावा म्हणणारा माणूस दर वाढवत असतो आणि सिंकखाली एमडीएफ लावणारा पुढच्या दुरुस्तीची सोय करत असतो. प्लायवरच्या आयएसआय शिक्क्याखाली परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

आणि हो, कमिशन. डिझायनर दुकानदाराकडून कमिशन घेतो म्हणून सुतार बरा, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. प्लायच्या दुकानातून सुतारही घेतो. म्हणून कोणालाही लावा, मालाचं बिल स्वतःच्या नावाने घ्या आणि दुकानदाराला पैसे स्वतः द्या. दुसऱ्या एखाद्या दुकानात जाऊन त्याच मालाचा दर विचारून यायला फार तर अर्धा दिवस लागतो.

या दोन टोकांच्या मधला एक रस्ता आहे, तो फार कोणी विचारतच नाही. फक्त ड्रॉइंगसाठी डिझायनर घ्यायचा. ठरावीक फी देऊन त्याच्याकडून तीन कागद घ्यायचे: फर्निचर कुठे येणार त्याचा नकाशा, लाइटचे पॉइंट्स, आणि किचनची मापं. ओट्याची उंची रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या उंचीप्रमाणे ठरवायला सांगायची. मग सुतार आपला, माल आपला, देखरेख आपली. साध्या टूबीएचकेसाठी आणि हातात वेळ असलेल्या घरासाठी हाच सौदा सगळ्यात परवडतो. दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला येत असतील, तर मात्र देखरेखीसकट डिझायनर घेतलेला बरा. त्यातही साइटवर आठवड्यातून किती वेळा येणार, हे आधीच ठरवावं.

काहीही ठरलं तरी एक पानाचा करार हवाच. त्यात माल, मापं, तारखा आणि पैशाचे टप्पे लिहायचे, आणि शेवटचा हप्ता सगळे दरवाजे नीट लागतात हे बघेपर्यंत हातात ठेवायचा. वाद झालाच तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे होते. पण तिथे व्हॉट्सॲपवरच्या 'हो दादा, करतो' यापेक्षा सही केलेला कागद जास्त कामाला येतो.

आणि प्लास्टर करून खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी फोटोफ्रेमसाठी भिंतीला ड्रिल लावताना पाइप कुठून गेलाय हे सांगायला ना सुतार असतो ना डिझायनर.