भनपुरीतील नोकरदार आणि पँटचे आसन

रायपूरच्या भनपुरी या औद्योगिक भागात, कारखान्यांच्या कार्यालयांतून दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांच्या पँटची खरी परीक्षा कमरेवर नव्हे, तर आसनावर होते. आसन म्हणजे कंबरपट्टीपासून दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथपर्यंतची खोली. पोट सुटलेली व्यक्ती पट्टी पोटाखाली ढकलते, तेव्हा आसन लोंबते आणि पाय आखूड दिसतात. त्याऐवजी पट्टी बेंबीच्या जरा खाली टेकवून पुढे एकेक चुणी, म्हणजे बसताना उघडणारी कापडाची घडी, ठेवली, तर ताण येत नाही. नितंब व मांड्या भरदार असल्यास माप तिथले घ्यावे आणि कंबर मागच्या शिवणीतून आत घ्यावी, कारण कंबर कमी करणे सोपे, पण शिवणीत कापड दाबलेले नसेल तर मांडी वाढवणे अशक्य असते. उभे असतानाच खिशांची तोंडे फाकत असतील, तर ती पँट नितंबांवर तंगच आहे. ठेंगण्या बांध्याला मोहरीची, म्हणजे पायाशी येणाऱ्या घेराची, बाहेरची दुमड मुळीच शोभत नाही. 40 अंशांपलीकडे जाणारा इथला उन्हाळा पाहता, पंडरीच्या कापडबाजारात सुती कापड मुठीत आवळून, सुरकुती कितपत राहते हे पाहूनच घ्यावे.