नववा महिना : घरातल्या सर्वांसाठी चार शब्द

नववा महिना लागला की घरात चर्चा सुरू होते. सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं?” आणि सून मनातल्या मनात घाबरते. म्हणून काही गोष्टी आपण सर्वांनी, पुरुषांनीसुद्धा, समजून घेतल्या पाहिजेत.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजून डॉक्टर तारीख देतात. नेमके त्याच दिवशी बाळंतपण होईल असे नाही. ३७ आठवडे झाले की तयारीत राहावे. पोट खाली उतरते, श्वास मोकळा होतो, लघवीला वारंवार जावे लागते. पोट मधूनच कडक होऊन विश्रांतीने सैल पडते, त्या खोट्या कळा. खऱ्या कळा ठरावीक वेळाने येतात. त्यांतील अंतर कमी होते, जोर वाढतो.

‘दिवस भरले की बाळ कमी हलते’ असे आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. हा समज चुकीचा आणि घातक आहे. हालचाल मंदावली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, डोके फार दुखून अंधारी आली, तर कळा नसल्या तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

२०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या मोफत आहेत. पैशासाठी अडून राहू नका.

तपासणीचे कार्ड आणि धुतलेले सुती कपडे पिशवीत भरून ठेवा. रात्री सोबत कोण जाणार, तेही आजच ठरवा.