अपस्मार : मेंदूचा विकार आणि महाविद्यालयीन वय

मेंदू व चेतासंस्था यांच्या सामान्यपणे आढळणाऱ्या विकारांत अर्धशिशी, पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश आणि अपस्मार यांचा समावेश होतो. पक्षाघात व कंपवात बहुधा उतारवयात उद्भवतात. अपस्मार मात्र बालपणी वा ऐन तारुण्यातही सुरू होतो; त्यामुळे शिक्षणसंस्थांशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार असून त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व औषधोपचार झाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. असे असूनही हा विकार लपविण्याकडेच कुटुंबांचा कल असतो व या लपवाछपवीतून होणारी हानी पुष्कळदा झटक्यांहून मोठी ठरते. प्रस्तुत लेखात अपस्माराचा या दृष्टीने विचार केला आहे.

विकाराचे स्वरूप

'अपस्मार' या शब्दातच स्मृतीचा, म्हणजे भानाचा, लोप अभिप्रेत आहे. चरकसंहितेत त्याचे निदान व चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. ग्रीक वैद्यकात हिपॉक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथाने इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास या तथाकथित 'पवित्र' रोगाचे मूळ मेंदूत असल्याचे प्रतिपादन केले. बोलीत फिट, फेफरे, आकडी, मिरगी ही नावे रूढ आहेत. मात्र लहान मुलांना तापात येणारी आकडी म्हणजे अपस्मार नव्हे.

मेंदूतील चेतापेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युत्‌संदेशांद्वारे संपर्क साधतात. संदेशांना चालना देणारी व त्यांना आवर घालणारी रसायने यांचा समतोल ढळला म्हणजे पेशींचे समूह एकाच वेळी, अनावर वेगाने संदेश सोडू लागतात. हाच झटका होय. हा उद्रेक मेंदूच्या ज्या भागात होतो, त्यानुसार लक्षणे बदलतात : एखाद्याचा केवळ हात थरथरतो, एखाद्यास नसलेला वास येतो, तर एखादा विद्यार्थी व्याख्यान चालू असताना काही क्षण शून्यात पाहत राहतो आणि त्याचे लक्ष नाही असा शेरा मिळवतो. हान्स बर्गर याने १९२९ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्‌आलेखाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले, त्यातून ई.ई.जी. तपासणीचा पाया घातला गेला. तथापि हा आलेख निर्दोष आला तरी अपस्मार नाही असे ठरत नाही. झटका प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेले वर्णन निदानासाठी आजही अत्यंत मोलाचे असते.

भारतात आढळणारे एक कारण येथे नमूद करणे आवश्यक आहे. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या फीतकृमीची अंडी दूषित पाणी वा नीट न धुतलेल्या भाज्यांतून पोटात गेल्यास त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी व्यक्तीही यातून सुटत नाही. मेंदूतील अशा लहान, एकट्या गाठी पूर्वी क्षयाच्या समजून त्यांवर क्षयाचे दीर्घ उपचार होत. त्यांतील पुष्कळ गाठी या अळ्यांच्या असल्याचे वेल्लोर येथील संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवून दिले.

तारुण्यातील एक प्रकार

साधारणतः १२ ते १८ या वयात सुरू होणारा एक प्रकार प्राध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. सकाळी उठल्यावर हातांना अचानक हिसके बसतात. दात घासण्याचा ब्रश वा चहाचा कप हातून निसटतो. घरचे त्यास धांदरटपणा मानतात व विद्यार्थी स्वतः त्याचा उल्लेखही करीत नाही. पुढे परीक्षेसाठी जागरण घडते आणि पहाटे वा सकाळी पहिला मोठा झटका येतो. अपुरी झोप व मद्यपान हे या प्रकारात झटक्याला निमंत्रण देणारे घटक आहेत. तो औषधाने चांगला आटोक्यात येतो. परंतु कार्बामॅझेपिनसारखे एरवी उपयुक्त औषध यात हिसके वाढवू शकते. म्हणूनच दुसऱ्या रुग्णाच्या गोळ्या उसन्या घेऊन भागत नाही.

वर्गात झटका आल्यास कांदा वा चप्पल हुंगविणे, मुठीत किल्ल्या देणे हे प्रकार निरुपयोगी आहेत. झटका आपोआप थांबतो व श्रेय चपलेला मिळते, एवढेच. तोंडात चमचा घालणे मात्र घातक असते. रुग्णाला दाबून धरू नये; आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, कुशीवर वळवावे व घड्याळ पाहावे. झटका ५ मिनिटांहून अधिक चालल्यास किंवा शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

कायदा व विवाह

हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे वेडाचे वा अपस्माराचे झटके विवाहाच्या पात्रतेआड आणले गेले. एका उपचारसाध्य चेताविकाराला अशा प्रकारे वेडाच्या पंक्तीस बसविणे वैद्यकीयदृष्ट्या असमर्थनीय होते. १९९९ मध्ये संसदेने 'अपस्मार' हा शब्द वगळला. त्यामुळे केवळ अपस्मार आहे म्हणून विवाह रद्द ठरविता येत नाही. परंतु महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळविलेली संमती हे कलम १२ मधील कारण कायम आहे. म्हणजे ज्या भयाने मुलीचा विकार सांगितला जात नाही, त्या भयालाच लपविण्यामुळे न्यायालयात आधार मिळू शकतो.

या गोपनीयतेचा वैद्यकीय परिणाम अधिक गंभीर असतो. सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या एकाएकी बंद केल्या जातात. औषध असे अचानक थांबविल्यास झटक्यामागून झटका येत राहण्याची, प्रसंगी प्राणावर बेतणारी, अवस्था ओढवू शकते. शिवाय गर्भधारणेपूर्वीच उपचारांचा फेरविचार व्हावा लागतो : व्हॅल्प्रोएट हे प्रभावी औषध गर्भाच्या मज्जारज्जूच्या व बौद्धिक वाढीस अपायकारक ठरू शकते, म्हणून शक्य तेथे तज्ज्ञ ते आधीच बदलून देतात व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुरू करतात. विकार घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर हा सल्ला घेण्यास ती स्त्री कोणत्या निमित्ताने बाहेर पडणार?