रातवा 'नाही' की 'दिसला नाही'?

माझ्या पहिल्या वर्षाच्या फील्डबुकात एक ओळ आहे: 'थर्सली कॉमन, फेब्रुवारी. रातवा: शून्य.' गाइडने ती वाचून एवढंच विचारलं, "आफ्रिकेत शोधलास का?"

थर्सली कॉमन हे इंग्लंडच्या सरे परगण्यातलं राखीव निसर्गक्षेत्र. उंचावर वाळूच्या जमिनीत वाढणारी हेदरची झुडपं, खोलगट भागात दलदल. रातवा इथे मे महिन्यात येतो आणि उन्हाळा संपता संपता आफ्रिकेकडे परततो. म्हणजे माझं शून्य त्या जागेबद्दल काहीच सांगत नव्हतं, फक्त मी कोणत्या तारखेला गेलो ते सांगत होतं.

दवबिंदूचंही तसंच. आपल्या कासवरच्या दवबिंदूचा हा भाऊबंद हिवाळ्यात घट्ट कळीएवढा आक्रसून बसतो. जानेवारीत त्याच्यावर पाय पडला तरी कळणार नाही. जुलैत तिथंच चिकट थेंबांची लाल पानं दिसतात. चतुर मोजायचे तर महिनासुद्धा पुरत नाही. ढग आले की ते गपचूप बसतात, म्हणून वेळ, ऊन, वारा सगळं लिहावं लागतं.

डार्टफोर्ड वॉर्बलर मात्र बारा महिने इथेच राहतो, आणि तेच त्याला महागात पडतं. 1962-63 च्या कडाक्याच्या थंडीनंतर अख्ख्या ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. तेव्हा एका वर्षाच्या आकड्यांवर थिसिस उभा करताना जपून.

एका हिवाळ्यात तिथे बर्चची रोपं तोडताना पाहून मी हबकलोच. राखीव क्षेत्रात झाडतोड? पण हे माळरान मुळात माणसानेच जंगल साफ करून, गुरं चारून घडवलेलं आहे. तोड आणि चराई थांबली की पाइन-बर्च सगळं व्यापतात आणि हेदर संपतं.

मे 2020 च्या अखेरीस, ऐन विणीच्या हंगामात, इथे मोठी आग लागली. दलदलीवरच्या लाकडी पायवाटाही जळाल्या. अशा वेळी आगीआधीच्या नोंदी कामाला येतात, त्याही सगळ्या ऋतूंच्या असतील तर. नुसत्या ऑगस्टमधल्या जांभळ्या फोटोंवरून तुलना होत नाही.

म्हणून आराखडा करताना आधी प्राण्याचं कॅलेंडर मांडा, मग स्वतःचं. परवानगीचे अर्जही त्याच हिशेबाने आधी टाका. जमिनीवर घरटी करणारे पक्षी असताना वाट सोडून फिरता येत नाही.

जूनमध्ये मी संध्याकाळी परत गेलो. अंधार पडल्यावर शिवणयंत्रासारखी घरघर सुरू झाली. नोंद केली: 'रातवा: ऐकले 2, पाहिले 0. आकाश निरभ्र, वारा मंद.'