दिरंगाईला तारीख विचारणारा अर्ज

सरकारदरबारी गरिबाच्या अर्जाला स्पष्ट नकार क्वचितच मिळतो. नकाराला कारण लिहावे लागते, त्याखाली सही करावी लागते, आणि सहीनिशी दिलेल्या नकारावर वरिष्ठाकडे दाद मागता येते. म्हणूनच नव्या शिधापत्रिकेसाठी, तीत नव्या सुनेचे अथवा नातवाचे नाव चढवण्यासाठी, किंवा केशरी पत्रिकेवरील कुटुंबाचा प्राधान्य गटात समावेश व्हावा यासाठी तहसिलीच्या पुरवठा शाखेत दिलेला अर्ज बहुधा फेटाळला न जाता नुसता पडून राहतो. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘इष्टांक शिल्लक नाही’, ‘अजून ऑनलाईन झालेलं नाही’, ‘पुढच्या महिन्यात या’ ही उत्तरे तोंडी असतात, ती कोणी दिली याची कोठेही नोंद राहत नाही, आणि रोजंदारी बुडवून, एसटीचे भाडे भरून कचेरीचे हेलपाटे घालणाऱ्या माणसाच्या हाती महिन्यांमागून महिने गेले तरी ज्यावर बोट ठेवावे असा एक कागद येत नाही. या निनावी, बिनतारखेच्या दिरंगाईला नाव आणि तारीख लावण्याचे एक कायदेशीर साधन २००५ सालापासून प्रत्येक नागरिकाच्या हाती आहे; ते म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज.

हा विलंब केवळ कागदाचा नसतो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य हा हक्क म्हणून दिला. महाराष्ट्रात त्याचा अंमल फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. पाच माणसांच्या कुटुंबाचा अर्ज सहा महिने टेबलावर राहिला, तर दीडशे किलो गहू-तांदूळ त्या घराच्या मुखातून गेला, आणि तेवढाच बाजारभावाने, कित्येकदा उसनवारीने, आणावा लागला, असा या दिरंगाईचा सरळ हिशेब आहे. ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर पुष्कळदा खरेही असते: राज्याला मिळालेली सुमारे सात कोटींची लाभार्थीसंख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे, त्यानंतर लोकसंख्या वाढली तरी ती वाढलेली नाही. पण मृत्यू, स्थलांतर, दुबार नावे यांमुळे जागा रिकाम्या होतच असतात. त्या केव्हा झाल्या आणि कोणत्या क्रमाने भरल्या, हे अर्जदाराला कळण्याचा मार्ग असला पाहिजे.

त्या मार्गाचे सामर्थ्य प्रथम प्रत्ययास आले ते राजधानीतच. केंद्राचा कायदा होण्यापूर्वी काही राज्यांनी आपापले कायदे केले होते. दिल्लीचा २००१ चा होता आणि महाराष्ट्राचाही २००२ पासून अंमलात आला होता. पूर्व दिल्लीतील वेलकम कॉलनीच्या झोपडवस्तीत राहणाऱ्या एका रोजंदार मजुराची शिधापत्रिका हरवली. २००४ च्या जानेवारीत त्याने दुसऱ्या प्रतीसाठी रीतसर अर्ज केला, आणि पुढचे सुमारे तीन महिने त्याला कचेरीत कोणी उभे करून घेतले नाही. अखेर ‘परिवर्तन’ या संस्थेच्या साहाय्याने त्याने दिल्लीच्या कायद्याखाली दुसरा अर्ज केला. त्यात गाऱ्हाणे नव्हते, विनवणी नव्हती. प्रश्न मात्र होते. माझ्या अर्जावर रोजच्या रोज काय कार्यवाही झाली, तो कोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस होता, त्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे काय, नियमाप्रमाणे पत्रिका किती दिवसांत मिळावयास हवी होती, आणि मुदत मोडणाऱ्यांवर काय कारवाई होणार व केव्हा? काही दिवसांतच निरीक्षक त्याच्या दारी आला, पत्रिका तयार असल्याचे सांगून गेला. आणि तो कचेरीत गेला तेव्हा ज्या साहेबाच्या खोलीत पूर्वी प्रवेश नव्हता तेथे त्याला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि आता पत्रिका झालीच आहे तर तो प्रश्नांचा अर्ज मागे घ्यावा अशी विनंती झाली.

हे का घडले, याचा विचार करण्याजोगा आहे. त्या मजुराने कोणतेही गुपित विचारले नव्हते. विचारलेली माहिती खुद्द अधिकाऱ्याच्याच टेबलावर होती. परंतु तिचे उत्तर लेखी द्यावयाचे म्हटले की ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा अर्ज माझ्याकडे होता व मी त्यावर काहीही केले नाही’ अशी कबुली स्वतःच्या सहीने द्यावी लागते, आणि ही कबुली देण्यापेक्षा काम करून मोकळे होणे कोणालाही सोपे वाटते. म्हणजे येथे फळ उत्तराचे नसते, विचारण्याचेच असते.

एक उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, ही शंका रास्त आहे, आणि तिचा परिहार करणारा एक प्रयोगही झालेला आहे. येल विद्यापीठाचे लिओनिद पेइसाखिन आणि पॉल पिंटो या दोन संशोधकांनी दिल्लीच्या झोपडपट्ट्यांतील शिधापत्रिकेच्या अर्जदारांचे चार गट केले: एकाने नुसता अर्ज करून वाट पाहिली, दुसऱ्याने अर्जासोबत स्वयंसेवी संस्थेचे शिफारसपत्र जोडले, तिसऱ्याने अर्जानंतर माहिती अधिकाराखाली त्याची स्थिती विचारली, आणि चौथ्याने लाच दिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार लाच देणाऱ्यांना पत्रिका साधारण पावणेतीन महिन्यांत मिळाली, माहिती मागणाऱ्यांना सुमारे चार महिन्यांत. उरलेल्या दोन गटांतील बहुतेकांना वर्ष सरत आले तरी मिळाली नाही. शिफारसपत्राचा उपयोग जवळजवळ शून्य ठरला, ही गोष्ट भलेपणाने शिफारशी लिहिणाऱ्या आम्हां सुशिक्षितांनी मनावर घ्यावी अशी आहे. दरिद्री माणसाला दहा रुपयांच्या सरळ मार्गाने लाचेच्या जवळपास पोहोचता आले, याहून मोठी प्रशस्ती या कायद्याची मला दुसरी करता येणार नाही.

मात्र अर्ज कसा लिहिला आहे यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि आपल्याकडचे बहुसंख्य अर्ज येथेच फसतात. मनातली खंत, झालेला अपमान, मुलाबाळांची उपासमार हे सारे कागदावर उतरवून शेवटी ‘मला शिधापत्रिका का मिळाली नाही?’ असा प्रश्न अर्जदार करतो, आणि जन माहिती अधिकारी निर्धास्तपणे उत्तरतो की हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. त्याचे म्हणणे कायद्याला धरूनच असते; मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की माहिती म्हणजे कार्यालयाच्या दफ्तरी असलेले साहित्य, ‘का’ या प्रश्नाचे समर्थन त्यात येत नाही. म्हणून कारण न विचारता कागद मागावा. बारनिशीतील ज्या नोंदवहीत आपला अर्ज आवक झाला त्या पानाची नक्कल, अर्जावर झालेल्या टिपण्यांची व शेऱ्यांची नक्कल, तो ज्यांच्याकडे गेला त्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव, हुद्दा आणि अर्ज पोहोचल्याची व पुढे गेल्याची तारीख, अशा अर्जांच्या निकालाची मुदत ठरवणाऱ्या शासन निर्णयाची प्रत, आणि आपल्या तारखेनंतर आलेल्या अर्जांपैकी किती, कोणत्या तारखांना मंजूर झाले याचा तक्ता, एवढे मागितले म्हणजे पुरे. त्यातला शेवटचा मुद्दा मोलाचा आहे, कारण मागून आलेल्यांचे काम आधी झाले असेल तर तो तक्ताच बोलतो. महाराष्ट्रात आणखी एक आधार आहे: बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा, सामान्यतः दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ओळखला जाणारा, अधिनियम कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कोणतीही नस्ती कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये असे सांगतो. नस्तीच्या तारखा हाती आल्या की त्या या सात दिवसांशी ताडून पाहता येतात.

कार्यपद्धती फारशी अवघड नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण पिवळ्या पत्रिकेसारखा पुरावा जोडावा लागतो, आणि ज्याची पत्रिकाच अडली आहे त्याच्यापाशी तो कोठून असणार, म्हणून दहा रुपये भरणेच बरे. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही आणि विचारण्याचा अधिकारही कोणाला नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून काढण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. हे कलम फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांना ते मुळीच ठाऊक नसते. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि ती उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.

पत्रिकेवर नाव आहे, पण दुकानात धान्यच आले नाही, असा विलंब निराळा आणि त्याचे प्रश्नही निराळे. तेथे त्या महिन्याचे दुकानाचे नियतन किती होते, गोदामातून उचल किती व कोणत्या तारखेला झाली, आणि वाहतुकीच्या पावतीवर कोणाची सही आहे, हे विचारावे. या नोंदींत जेथे तफावत तेथे धान्य अडले. विक्रीची नोंद ई-पॉस यंत्रावर होते आणि पत्रिकेच्या बारा अंकी क्रमांकावरून ती संकेतस्थळावर पाहता येते, तेव्हा न उचललेले धान्य आपल्या नावे खर्ची पडले आहे काय, याची खात्री अर्जापूर्वीच करून घ्यावी. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा रोख रक्कम बँकेत देण्याचे ठरले. आरंभी ती दीडशे रुपये होती. ही रक्कम थकली तर आपले नाव असलेली यादी तहसिलीतून केव्हा गेली, देयक केव्हा मंजूर झाले, आणि बँकेने रक्कम परत पाठवली असल्यास कोणता शेरा मारून, हे विचारणे उपयोगी पडते.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उत्तर आले नाही अथवा ‘माहिती निरंक’ एवढेच आले, तर तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे प्रथम अपील करता येते, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. कसूरदार अधिकाऱ्याला रोज अडीचशे रुपयांप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे. परंतु महाराष्ट्राच्या आयोगापुढे साचलेली प्रकरणे अलीकडच्या काळात लाखाच्या वर गेली, आणि ज्याच्या घरी आज पीठ नाही त्याला वर्षा-दोन वर्षांनी मिळणाऱ्या तारखेचा काय उपयोग? म्हणून सारा भर पहिल्या अर्जाच्या नेमकेपणावर आणि प्रथम अपिलावर असावा. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याने व्यक्तिगत माहितीचा अपवाद अधिक रुंद केला आहे. तेव्हा इतर लाभार्थ्यांची नावे न मागता संख्या आणि तारखा मागाव्यात, स्वतःच्या नस्तीला तो अपवाद लागू पडत नाही. आणि जेथे प्रश्न एका अर्जाचा न राहता सबंध दुकानाच्या हिशेबाचा होतो, तेथे जोखीम असते: दिल्लीच्या सुंदर नगरीत शिधावाटपातील चोरी उघड करणाऱ्या ‘परिवर्तन’च्या तरुण कार्यकर्तीच्या गळ्यावर २००४ च्या अखेरीस वार झाला होता. असे अर्ज एकट्याने करू नयेत. ग्रामसभेने, दक्षता समितीच्या सभासदांनी, चार कुटुंबांनी मिळून, वेगवेगळ्या नावांनी करावेत.

माहिती हाती आली आणि तरीही धान्य मिळाले नाही, तर ते कागद घेऊन अन्न सुरक्षा अधिनियमानेच नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे, आणि तेथेही समाधान न झाल्यास राज्य अन्न आयोगाकडे. ज्यांचे नाव यादीत असूनही सरकार धान्य पुरवू शकले नाही, अशांना अन्न सुरक्षा भत्ता मागण्याचा हक्क आठव्या कलमाने दिला आहे. २०१५ च्या केंद्रीय नियमांत त्याचा हिशेब ठरलेला आहे, तो असा की न मिळालेल्या धान्याच्या किमान आधारभूत किमतीच्या सव्वापटीतून अधिनियमाच्या अनुसूचीतील दर वजा करावा आणि उरलेल्या रकमेने थकलेल्या किलोंना गुणावे. हा भत्ता मागणारे विरळा, कारण धान्य आलेच नव्हते हे सिद्ध करणारा सरकारी कागद मागणाऱ्यापाशी नसतो. नियतनाची व उचलीची नक्कल हा तो कागद. ती माहिती अधिकाराखाली, पानाला दोन रुपये भरून मिळते, आणि भत्त्याच्या अर्जाला तीच जोडावी.