दुधातून येणारे औषध

बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला जे पाडे आणि ज्या वस्त्या आहेत, तेथे पावसाळ्यात कोणाला घोणस चावली आणि त्याला वेळीच रुग्णालयात पोहोचविले, तर त्याच्या शिरेतून जी प्रतिविषाची लस सोडली जाते ती घोड्याच्या देहात सिद्ध झालेली असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष अल्प मात्रेने व क्रमाक्रमाने वाढवीत घोड्याला टोचावयाचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे उत्पन्न झाली की ते रक्त काढून त्यांतून ती निराळी करावयाची, ही रीत परळच्या हाफकिन संस्थेमुळे आपल्या परिचयाची आहे. जनावराकडून औषध घेण्याचा व्यवहार, म्हणजे, मुंबईला मुळीच नवा नाही.

नवे आहे ते रक्ताच्या जागी दूध येणे. मानवी जनुकाला दुधातील एखाद्या प्रथिनाच्या जनुकाचा चालक-खंड जोडला, की ते इतरत्र निद्रिस्त राहून केवळ कासेत जागे होते. असे जनुक पेशीत घालून, त्या पेशीचे केंद्रक रिकाम्या केलेल्या बीजांडात बसवून, १९९७ साली स्कॉटलंडमध्ये ‘पॉली’ ही मेंढी जन्मास आली आणि तिच्या दुधात रक्त गोठविणारा नववा घटक येऊ लागला. हिमोफिलियाच्या रुग्णांपर्यंत ते दूध औषध होऊन पोहोचले नाही; तोच घटक पोलादी टाक्यांतील पेशींकडून मिळू लागला. शेळीच्या दुधातील, रक्ताची गुठळी रोखणाऱ्या अँटिथ्रॉम्बिनला मात्र २००६ साली युरोपात आणि २००९ साली अमेरिकेत परवाना मिळाला. ज्या प्रथिनाची गरज टनावारी भासते, त्या अल्ब्युमिनसारख्यांसाठी कास हाच सयुक्तिक मार्ग ठरू शकेल, असे मला वाटते.

गोरेगावची आरे वसाहत १९४९ साली उभी राहिली ती शहरातील तबेले बाहेर नेऊन विपुल व स्वच्छ दूध पुरविण्यासाठी. औषधासाठी दूध देणारा कळप याच्या अगदी उलट, लहान, कडेकोट बंदोबस्तातला असावा लागेल, आणि त्याच्या दुधाचा एक थेंबही चहाच्या टपरीपर्यंत जाता कामा नये.

केंद्रक बदलून अशी प्रतिरूप जनावरे घडविण्याच्या कौशल्याचा आपल्याकडे अभाव नाही. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ साली ‘गरिमा’ ही म्हशीची प्रतिरूप पारडी जन्मली आणि पुढे ‘गरिमा-२’ या दुसऱ्या प्रतिरूप म्हशीला २०१३ साली ‘महिमा’ ही पारडी झाली. परंतु तेथील उद्दिष्ट उत्तम दुभत्या जनावरांची वाढ हे होते, औषध नव्हे. त्या विद्येला औषधाकडे वळवावयाचे असेल, तर तिची किंमतही उघडपणे मोजली पाहिजे. २७७ बीजांडांवर प्रयोग झाले तेव्हा कोठे ‘डॉली’ ही एक प्रतिरूप मेंढी जगली, आणि प्रतिरूप जनावरांत गर्भपात व जन्मतःच दगावणे हे नेहमीच अधिक आढळते. म्हणून किती माद्यांना गर्भ वाहावयास लावले, किती गर्भ पडले, किती पिले मेली, याचा तपशील परवान्याच्या अर्जाबरोबरच सरकारी दप्तरात दाखल व्हावा आणि मागणाऱ्या प्रत्येक नागरिकास तो पाहावयास मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.